वापरातलं नाव

वेंडेल कोस्कीने भोकावर धरू लागलेली बर्फाची साय झाऱ्याने काढली आणि खोपटाचं दार ढकलून बाहेर झटकली. ती कोणाच्या तरी बुटांवर पडली.

"मिस्टर कोस्की, मी डाल्टन."

"दिसतंय. आत ये आणि दार लाव. शेगडीचा गॅस फुकट जळतोय."

पोरगा वाकून आत आला. गोठलेल्या तळ्यावरच्या त्या लाकडी खोपटात मासे धरायला बर्फात पाडलेली दोन भोकं होती आणि बसायला दोन पालथ्या बादल्या. दुसरी बादली वेंडेलच्या लेकीची, मिम्मीची होती. डाल्टनने तिच्याकडे पाहिलं आणि तो भिंतीला टेकून उकिडवाच बसला.

"टायरच्या दुकानातून सुट्टी?"

"जेवणाची. अर्धा तास."

"इथवर यायलाच वीस मिनिटं लागतात."

"म्हणून सँडविच गाडीतच खाल्लं."

वेंडेलला हसू आलं, ते त्याने गळाची दोरी तपासायच्या निमित्ताने लपवलं. हा पोरगा आवडून घ्यायचा नाही असं त्याने दीड वर्षापूर्वी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडायची त्याला सवय नव्हती. जिल्ह्याच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकलणारा ट्रक तो अठ्ठावीस वर्षं चालवत होता. तिथे असंच चालायचं.

"गुरुवारी तुम्हाला कोर्टात बोलावलंय," डाल्टन म्हणाला.

"हो."

"तुम्ही काय सांगणार आहात?"

"ते गुरुवारी."

मिम्मीची आणि डाल्टनची मुलगी सहा आठवड्यांची झाली होती. मिम्मीने ती दत्तक द्यायच्या कागदांवर सही केली होती. सगळं कायदेशीर होईपर्यंत बाळ आल्डन फॉल्सच्या एका बाईंकडे सांभाळायला होतं. राज्याचा नियम असा, की लग्न न झालेल्या बापाला अशा वेळी आपलं म्हणणं मांडायचं असेल तर त्याने आपलं नाव स्वतःहून राज्याच्या दप्तरी नोंदवावं, बाळ जन्मायच्या आधी नाहीतर जन्मल्यावर महिन्याभरात. नोंद नसेल तर त्याला काही विचारायला कोणी बांधील नाही. डाल्टनने नोव्हेंबरातच नोंद केली होती, मुलगी जन्मायच्या कितीतरी आधी. तरी दत्तक देणाऱ्या संस्थेने शोध घेतला तेव्हा तिथे काहीच निघालं नाही. आईच्या नावाच्या जागी डाल्टनने 'मिम्मी कोस्की' लिहिलं होतं, आणि कायद्याने तिचं नाव होतं मिरियम डिलेनी.

"दीड वर्ष पोरीला फिरवलंस," वेंडेल म्हणाला, "आणि तिचं नाव माहीत नाही?"

"तिला सगळे कोस्कीच म्हणतात. तुमच्या खोपटावरही तेच लिहिलंय की!"

ते खरं होतं. बर्फावर खोपटं ठेवायचं तर मालकाचं नाव-पत्ता बाहेरून ठळक दिसला पाहिजे, असा नियम आहे. मिम्मी सात वर्षांची असताना वेंडेलने आपलं नाव रंगवलं, तर ती बर्फावर फतकल मारून बसली. माझं नाव लिहिल्याशिवाय आत येणार नाही म्हणाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन्ही नावांवर ताजा रंग चढत होता.

"वकीलबाई म्हणतात, लोकांतलं नाव असलं तरी चालतं," डाल्टन म्हणाला. "पण ती ते खरंच वापरते, हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. अडचण अशी की..." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सहीच्या कागदावर विचारलेलं असतं, आणखी कोणती नावं वापरता. मिम्मीने तिथे लिहिलंय, एकही नाही."

वेंडेलच्या गळाची दोरी थरथरली. दोघांनी ती पाहिली.

"मासा लागलाय," डाल्टन म्हणाला.

"कळतंय मला."

वेंडेलने दोरी ओढली नाही. थोड्या वेळाने ती आपोआप सैल पडली.

"तुला बाळाला आंघोळ तरी घालता येते का रे?"

"बहिणीच्या पोराला घालतो. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि मान सोडायची नाही." डाल्टनने तळहात वर केला, त्यावर डोकं ठेवल्यासारखा. नखांत टायरचं काळं होतं. "आईने माझ्या शेजारची खोली रिकामी केलीय. मिम्मीकडून मला काही नको, मिस्टर कोस्की. मी नको म्हणते ना ती, तर बरं. पण मला पोरीला निदान बघू तरी द्या. माझं ऐकून तरी घ्या. मग न्यायाधीश काय म्हणतील ते."

"मिम्मी माझी मुलगी आहे. तिच्याविरुद्ध उभा राहू?"

"विरुद्ध नाही. नुसतं नाव सांगा."

तो निघून गेल्यावरही वेंडेल बराच वेळ बसून होता. भोकावर पुन्हा साय धरली.

मिम्मीच्या आईशी, जोअनशी, त्याचं लग्न झालं तेव्हा मिम्मी तीन वर्षांची होती. तिला रीतसर दत्तक घ्यावं म्हणून त्याने अर्ज केला, तर नेवाडातून तिच्या जन्मदात्या बापाचं, डिलेनीचं, उत्तर आलं: संमती नाही. कारण दिलेलं नव्हतं. डिलेनी वर्षातून दोनदा मुलीला भेटकार्ड पाठवायचा, आणि हक्क शाबूत राहायला एवढं पुरतं, असं वकील म्हणाला. चार वर्षांपूर्वी जोअन वारली. मिम्मीला न्यायला कोणी आलं नाही आणि मिम्मी कुठे गेली नाही. शाळेतल्या बाई, चर्चमधली मंडळी, ती काम करते त्या वृद्धाश्रमातले म्हातारे, सगळे तिला कोस्कीची पोर म्हणूनच ओळखत. या सगळ्यात रक्त आणि कागद, या दोन्हींबद्दल वेंडेलचं मत फारसं चांगलं राहिलं नव्हतं. आणि या पोराकडे रक्ताचं नातं पुरतं होतं, कागद अर्धाच.

संध्याकाळी त्याने मासे साफ करून दिले आणि मिम्मीने ते बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवले. ती आता बरी दिसत होती. इस्पितळातून आली त्या आठवड्यात दूध थांबत नव्हतं. कोबीची थंड पानं छातीशी धरा, असं नर्सने फोनवर सांगितलं. वेंडेलने दुकानातून सहा गड्डे आणले आणि काही न बोलता फ्रिजमध्ये ठेवले. काउंटरवरची बाई म्हणाली होती, कोस्की, ससे पाळलेस की काय? तो हो म्हणाला होता.

"डाल्टन आला होता," तो म्हणाला.

"तळ्याकडे जाताना दिसला. टायरच्या दुकानात कामाला आणि स्वतःच्या गाडीचे टायर बघ, अंड्यासारखे गुळगुळीत."

"चांभाराची बायको अनवाणी, तसं."

ती हसली. मग कढईकडे बघत म्हणाली, "नाव सांग म्हणाला असेल."

"हो. मी काय सांगू?"

"विचारतील ते सांग."

"तुला काय हवंय, ते विचारतोय मी."

मिम्मीने हात पुसले. "मी निवडलेत ते दोघं चांगले आहेत, डॅड. ती शाळेत शिकवते, तो घड्याळं दुरुस्त करतो. मला आत्ता आई होता येत नाहीये, आणि हे मला कळतंय म्हणून मी वाईट नाही. पोरीला दोघं मिळतील. घरात सगळ्यांचं एकच आडनाव असेल, पहिल्या दिवसापासून. प्रत्येक शाळेत, प्रत्येक डॉक्टरकडे कोणी विचारणार नाही, हे तुझे कोण."

वेंडेलने कढईतला मासा उलटला. तो नुकताच उलटलेला होता. 'एकही नाही' बद्दल विचारावं म्हणून त्याने तोंड उघडलं, मिठाचा डबा घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"मीठ घातलंय," मिम्मी म्हणाली.

गुरुवारचं काम एका लहान खोलीत होतं. झेंडा, टेबलं, आणि गुडघ्यांवर कोट घेऊन बसलेली पाच-सहा माणसं. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली होती. मिम्मी आपल्या वकिलाशेजारी बसली होती. डाल्टनने बहुतेक मेहुण्याचं जाकीट घातलं होतं. त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

वेंडेलने शपथ घेतली. डाल्टनच्या वकीलबाईंनी फक्त एक गोष्ट विचारली: गावात तिला कोणत्या नावाने ओळखतात?

वेंडेलने मिम्मीकडे पाहिलं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"कोस्की," तो म्हणाला. "मिम्मी कोस्की. लहान होती तेव्हापासून. डिलेनी म्हणून हाक मारलीत तर ती वळायचीसुद्धा नाही."

मग संस्थेचा वकील उठला. किडकिडीत, सभ्य माणूस.

"तुम्ही त्यांचे वडील, मिस्टर कोस्की?"

"तिच्या आईचा नवरा."

"दत्तक घेतलंत?"

"घेऊ दिलं नाही."

"म्हणजे कोस्की हे नाव त्यांना कायद्याने कधीच मिळालं नाही. आणि आणखी कोणतंही नाव वापरत नाही, असं त्यांनी स्वतः लिहून दिलंय. सही करून. बरोबर?"

"तसं ऐकलंय."

"मग ते खोटं आहे, असं तुमचं म्हणणं?"

वेंडेलने खुर्चीचा हात घट्ट धरला. बर्फावर ट्रक घसरतो तेव्हा ब्रेक दाबायचा नसतो, हे त्याला माहीत होतं. पण मग काय करायचं असतं, ते आत्ता आठवेना.

"ती खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"मग तुम्ही बोलताय?"

"नाही."

"दोन्ही खरं कसं असेल, मिस्टर कोस्की?"

"ते मला सांगता येणार नाही."

वकील बसला. न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं, समोरचा कागद पुन्हा वाचला आणि त्या मिम्मीकडे वळल्या. "तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. पण हे 'एकही नाही' तुम्ही समजून लिहिलं होतं का?"

मिम्मीचा वकील काहीतरी कुजबुजला. ती तरीही उठली.

"हो, समजून," ती म्हणाली. "प्रश्न होता, आणखी कोणतं नाव वापरता. वापरते ते डिलेनी. बँकेत, लायसन्सवर, इथे तुमच्याकडे. ते वरती लिहिलेलंच होतं. कोस्की मी वापरत नाही. ते माझं नावच आहे. मला वाटलं, तुम्ही दुसरी नावं विचारताय."

वेंडेल अजून साक्षीच्या खुर्चीतच होता. तिथून उठायचं असतं हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"बसा, मिस..." न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि पुढचं नाव न घेता लिहू लागल्या.

नोंद ग्राह्य धरली गेली. त्याहून जास्त काही ठरलं नाही. डाल्टनचं म्हणणं एप्रिलमध्ये ऐकलं जाणार होतं, निवडलेल्या जोडप्याचंही. तोवर त्याला बाळाला भेटता येईल. हवं तर आजच चार वाजता, सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी. संस्थेच्या वकिलाने हरकत घेतली नाही.

बाहेर ऊन होतं आणि त्याचा उपयोग नव्हता. डाल्टनने तीनदा किल्ली फिरवली. गाडीने तीनदा टक् केलं. वेंडेलने आपल्या पिकअपमधून तारा काढल्या आणि दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या जोडून पाहिल्या. गाडीने चौथ्यांदा टक् केलं.

"मेली," वेंडेल म्हणाला.

"मागच्याच हिवाळ्यात मरायची होती. मी तिला सांगत होतो, आणखी एक वर्ष." डाल्टनने बॉनेट खाली घेतलं आणि न्यायालयाच्या घड्याळाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. आल्डन फॉल्सला जाणारी बस सकाळीच असते.

वेंडेल तारा गुंडाळत राहिला. तारा लवकरच गुंडाळून झाल्या. त्याच्या पिकअपला एकच लांब सीट होती, आणि तिच्यावर खिडकीशी मिम्मी बसली होती. तो चालकाच्या बाजूने गेला, दार उघडलं आणि तिथेच उभा राहिला.

"मी माझं म्हणणं बदललेलं नाही," मिम्मी समोर बघत म्हणाली.

"माहीत आहे."

"त्यालाही सांग."

"ते तू सांग. मी आज पुष्कळ बोललो."

पार्किंगमधून एक गाडी गेली, मग आणखी एक. डाल्टन आपल्या गाडीपाशी पाठ करून उभा होता. जाकिटाच्या बाह्या वर सारायचा, त्या पुन्हा खाली यायच्या.

मिम्मीने पर्स मांडीवर घेतली. सीटबेल्ट काढला. मग ती सरकत मधल्या जागेवर आली, गिअरच्या दांड्यापासून गुडघे बाजूला घेतले आणि हात लांबवून आपल्या बाजूचं दार उघडलं.

"ए," तिने हाक मारली. "चढ. आणि दार जोरात ओढ. नाहीतर लागत नाही ते."