न लिहिलेली चौथी ओळ

गुंजनच्या प्रोजेक्टच्या अकराव्या पानावर भावना मॅडमचं पेन थांबलं. तुमसरच्या कॉलेजात त्या जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवत, आणि कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

विषय गुंजननेच निवडला होता. एकच प्रोग्राम जावात आणि पायथन या दुसऱ्या भाषेत लिहायचा. त्यातली वस्तू स्वतःला 'मी' कसं म्हणते, आणि रिफ्लेक्शनने स्वतःच्या पोटात काय आहे ते कसं वाचते, याची तुलना. पोरगी सिहोऱ्याची, उदाहरणही घरचंच. भाताच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात. बांधी नावाचा क्लास, म्हणजे वस्तूचा साचा, त्याच्या आत धान नावाचा क्लास. धानाचे गुणधर्म तीन: वाण, उंची, दिवस.

पायथनच्या धानाने स्वतःला वाचून तीन नावं छापली. जावाच्या धानाने चार. चौथं विचित्रच: 'दिस', म्हणजे जावातलं 'मी', पुढे डॉलरचं चिन्ह, मग शून्य. कोडमध्ये ते कुठेच नव्हतं.

मॅडमनी घरी आपल्या लॅपटॉपवर तोच कोड चालवला. तीनच नावं आली. संशय पक्का झाला. आउटपुट दुसऱ्याचं, पोरीने नुसतं चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी पान पुढे सरकवलं.

"ही चौथी ओळ तू लिहिलीस?"

"नाही जी मॅडम."

"मग आली कुठून?"

"मले नाही माहीत. जे आलं ते छापलं. पुसून टाकली असती तं तुम्ही विचारलंबी नसतं."

"अनुपकडून घेतलंस?"

मागच्या बाकावरून अनुप म्हणाला, "माहा प्रोग्राम तं चालतबी नाही मॅडम. माह्याकडून कोण घेईन?"

वर्ग हसला. गुंजन हसली नाही. टेबलावर कॉपीच्या शेऱ्याचा कागद होता, फक्त सही बाकी. सही झाली की प्रोजेक्ट रद्द, आणि प्रोजेक्टशिवाय शेवटचं वर्ष वाया.

"कोणत्या मशीनवर केलंस?"

"खिडकीजवळच्या."

लॅब सांभाळणारे श्रावणभाऊ पुढे आले. "त्याले कोणी हात नाही लावत मॅडम. माह्या पोरीच्या लग्नाआधीपासून तसंच हाय. आता तिची पोरगी शाळेत जाऊन राहिली."

मॅडमनी तिथे गुंजनचा कोड चालवला. चार नावं. त्यांचा मशीनवरही विश्वास बसेना. पोरीने आत काही घालून ठेवलं असेल. मग त्यांनी स्वतःच नवा प्रोग्राम लिहिला. कपाट, आणि कपाटाच्या आत पुस्तक. पुस्तकाला गुणधर्म एकच, पण नावं छापली दोन. त्यांनी पुस्तकाचा क्लास कपाटाबाहेर काढून लिहिला. आता एकच नाव.

म्हणजे ती ओळ या मशीनवरची जुनी जावाच लिहीत होती. आतल्या वस्तूला बाहेरच्या वस्तूचा पत्ता ती गुपचूप देऊन ठेवत होती. लॅपटॉपवरची नवी जावा मात्र तो पत्ता वापरात नसेल तर गाळत होती. पायथनमध्ये असं काही नाही. तिथे 'मी'साठीचं 'सेल्फ'सुद्धा आपल्या हाताने लिहावं लागतं. अकरा वर्षं त्या 'दिस' शिकवत होत्या.

"धान बांधीच्या आत काहून लिहिलंस?"

"मंग कुठं लिहू जी? धान बांधीतच राहते."

मॅडमनी अकरावं पान परत तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "चौथी ओळ का येते, त्यावर एक पान लिहून जोड. मी सांगते कसं ते."

गुंजन जागची हलली नाही. तिची नजर टेबलावर होती. "पहिले तो कागद फाडा मॅडम. मंग लिहिते."

मॅडमनी कागद फाडला. गुंजनने दोन्ही तुकडे उचलले, जुळवून सहीची जागा रिकामीच आहे ना ते नीट पाहिलं, आणि ते दप्तरात ठेवून खुर्ची खिडकीजवळच्या मशीनकडे ओढली.