पाचाच्या आसपास

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. साधासुधा नाही हं, साइन-कॉस येणारा! दुकानात बेरजा करतो तो माझा चुलतभाऊ. आमचं फारसं येणंजाणं नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. शुद्ध आली ती दुकानाच्या काचेमागे. तिथून मला जिने उचललं, ती लोकांचे केस कापायची, रंगवायची. डोक्यावर लावलेला रंग अर्ध्या तासात गडद कसा होतो, हे तिला मुळातून समजून घ्यायचं होतं. म्हणजे रसायनशास्त्राची पदवी आली. आणि त्या वर्गात बसायचं तर आधी वर्षभर पायाभूत गणित शिकून परीक्षा पास व्हायला हवं. शाळा सुटून तिला किती वर्षं झाली होती!

वर्गातली सगळी पोरं तिच्यापेक्षा लहान. ती पोरं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताईंचा माझ्यावर भारी विश्वास. गिऱ्हाइकाचा रंग चढेपर्यंत त्या मला घेऊन गणितं सोडवत बसायच्या. माझ्या बटणांवर अजून तपकिरी डाग आहेत. सात आठे किती, हेही मलाच विचारायच्या. मला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

शिकवणाऱ्या मॅडमना मात्र हे खपायचं नाही. "ताई, आधी अंदाज लिहा, मग बटणं दाबा. यंत्राला कळत काही नाही, ते नुसतं बोलतं." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू?

परीक्षेच्या सकाळी घोळ झाला. ताईंच्या लेकीने शाळेचा गृहपाठ माझ्याकडून करून घेतला. शाळेत कोन अंशांत मोजतात, ताईंच्या वर्गात रेडियन नावाच्या दुसऱ्या मापात. पोरीने मला अंशांवर लावलं आणि तसंच आईच्या पिशवीत टाकलं. त्याची खूण माझ्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला असते, पण इवलीशी. कोण बघतंय?

पेपरात एक गणित लाटेचं होतं. पाच गुणिले साइन दीड. ताईंनी झरझर बटणं दाबली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "अहो थांबा, मी भलत्याच मापात आहे!" पण आम्हाला आकड्यांपलीकडे वाचा नाही. जे आलं ते दाखवलं: शून्य पॉइंट एक तीन.

ताईंनी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. समासात त्यांनी आधीच लिहिलं होतं, 'लाट जवळजवळ माथ्यावर. पाचाच्या आसपास.' त्यांनी लाट पुन्हा काढून बघितली. मग माझ्याकडे डोळे वटारले.

"काहीतरीच काय बोलतोस रे?" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की पुढच्या बाकावरचा पोरगा दचकून मागे वळला.

मग त्यांना माझ्या कपाळावरची खूण दिसली. दोन बटणं दाबली, मी रेडियनवर आलो आणि उत्तर आलं चार पॉइंट नऊ नऊ. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ताईंनी मला खोटं पाडलं, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू!

ताई पास झाल्या. आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. प्रयोगशाळेत कसलंसं आम्ल सांडून माझा एक कोपरा विरघळलाय, 'बरोबर'च्या चिन्हाचं बटण दोनदा दाबावं लागतं. बहुतेक आकडेमोड त्या डोक्यातच करतात आणि मला काढतात ते शेवटी, खात्रीला.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्यावरही कधीतरी डोळे वटारा. बोलून दाखवणार नाही, पण बरं वाटेल त्याला.