पायाची घडी

आईने पँटची मागची शिवण उसवली, आत राखलेली होती नव्हती ती सगळी जादा कापडाची माया मोकळी केली आणि पँट मुलाच्या हातात दिली.

"घालून बघ."

पँट चढली. श्वास आत ओढल्यावर बटणही लागलं.

"पोट सुटलंय," ती हसली. "सुटू दे. दारू सुटल्याचंच आहे ते."

दारू खरंच सुटली होती. सून नातीला घेऊन माहेरी गेली, त्या दिवसापासून त्याने थेंबाला हात लावला नव्हता. आईने कपाटं, माळा, गाडीची डिकी, सगळं हुंगून खात्री करून घेतली होती. इतकी झडती पोलिसांनीही घेतली नसती. उद्या तो दोघींना आणायला जाणार होता.

"बघशील तर ओळखायची नाहीस, असा भरलाय अंगाने," आई सुनेला फोनवर म्हणाली होती.

सून म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून येते."

त्याचे खांदे तेवढे उतरले होते. व्यायाम नाही, दुसरं काय, असं आईचं म्हणणं होतं.

"अजून दोन बोटं सैल होईल?" त्याने विचारलं.

"कापड कुठून आणू? दोन घास कमी खा."

"खातोय कुठे? चार घासांतच पोट गच्च होतं."

पायाची घडी घालायला ती खाली बसली. घोट्याच्या वर अंगठा दाबून पाय सरळ धरला, टाचणी लावली, हात काढला. अंगठ्याच्या जागी खड्डा पडला होता. तो भरून येईना. तिने दुसऱ्या पायावर मुद्दाम दाबून पाहिलं. तिथेही तसाच.

नवऱ्याचे पाय शेवटच्या वर्षी असेच झाले होते. लिव्हर निकामी झालंय, म्हणून पोटात आणि पायांत पाणी साठतंय, असं डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. पण नवरा शेवटपर्यंत पीत होता. ह्याने तर सोडली होती. सोडली की सगळं मागे पडतं, असं ती धरून चालली होती. तिने पुन्हा एकदा तोच पाय दाबून पाहिला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. टाचणी पडली."

डॉक्टरकडे न्यायलाच हवं होतं. पण आज सुनेच्या कानावर गेलं, तर ती कशाला येईल? आणि ती आली नाही, तर ह्याचं करणार कोण? अशा माणसाचं रात्रंदिवस करणं म्हणजे काय, हे आईला पुरतं ठाऊक होतं. आता तिचे स्वतःचे गुडघेच उठू देत नव्हते.

तिने टाचण्या काढल्या आणि पँट बोटभर लांब ठेवली.

"उद्या लांब मोजे घाल."

"एवढ्या उकाड्यात?"

"घाल म्हटलं ना," खाली बघतच ती म्हणाली. "आधी तिला घरात येऊ दे. मग काढ."