पलीकडून हललेला हात

डॅन्यूब नदीच्या डाव्या काठी ट्राउडल राहायची. उजव्या काठी, बरोबर समोर, तिची मैत्रीण हेर्मिना. मधे पाणी, आणि पाण्यावर झेप नावाच्या नावाड्याची होडी. तिसरी बुर्गल डाव्या काठावरच, चर्चच्या मागं. आणि या तिघींत चौथी मी. मी ट्राउडलची सायकल बोलतेय.

माझा रंग हिरवा. हे आता सांगावं लागतं, कारण दिसत नाही. ग्राट्झच्या कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. जोडणाऱ्याला सर्दी झाली होती आणि तो माझ्यावर सारखा शिंकत होता, एवढंच मला जन्माचं आठवतं. पहिली सहा वर्षं मी एका टपालवाल्याकडे होते. कुत्री त्याला चावायला यायची आणि चावायची माझ्या टायरला.

मग लाकडाच्या गिरणीत कामाला असणाऱ्या फेर्डलनं मला आपल्या बायकोसाठी घरी आणलं. ती बायको म्हणजे ट्राउडल. त्यानं मला रंग दिला आणि मोडीत निघालेल्या होडीवरची पितळी घंटी माझ्या हँडलला बसवली. दोरी ओढली की वाजायची. "पार पलीकडे ऐकू गेली पाहिजे," तो म्हणाला. जायचीही. या घंटीचं लक्षात ठेवा.

फेर्डल गेला त्या वर्षी तिघी मैत्रिणी पहिल्यांदा निघाल्या. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नदीच्या काठाकाठानं, आठ दिवस, दर सप्टेंबरात. कॅरिअरवर एकेक पिशवी, डोक्याला रुमाल. माणसाचं एक मी पाहिलंय, चाकावर बसलं की त्याचं वय मागं राहतं. साठीच्या बायका उतारावर पाय सोडून किंचाळायच्या. हेर्मिना सगळ्यांत पुढं, सगळ्यांत मोठ्यानं. ट्राउडल मागं पडली की ती वळून म्हणायची, "चल गं म्हशे, नदीसुद्धा तुझ्या पुढं गेली."

पन्नास वर्षांची मैत्री, त्यामुळे भांडणंही पन्नास वर्षांची. त्यासाठी त्यांनी एक रीत पाडली होती. दोघींचं बिनसलं की एकीनं होडीनं पलीकडं जायचं. दोन्ही काठांना सायकलीची वाट आहे, दोघींनी आपापल्या काठानं चालवायचं. जिचा राग आधी निवेल तिनं पलीकडून हात हलवायचा. तो हात म्हणजे हार. दुसरीनं घंटी वाजवायची, म्हणजे माफी पोचली. मग पुढच्या होडीच्या धक्क्यावर भेट, आणि हात हलवणारीनं संध्याकाळची बिअर पाजायची. रीत चांगली होती. तेरा वर्षं चालली.

चौदाव्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी भांडण झालं. कशावरून, तर जर्दाळूचे गोळे कुठल्या खानावळीत खायचे यावरून. ट्राउडलला डाव्या काठावरची हवी होती, हेर्मिनाला उजव्या काठावरची. बोलता बोलता हेर्मिना म्हणाली, "फेर्डल बिचारा तुझ्या हट्टालाच कंटाळून लवकर गेला असेल."

असं बोलू नये. हसतहसतही बोलू नये.

ट्राउडलनं तिच्याकडं पाठ केली. हेर्मिनालाही ते कळलं असावं, पण ती मागं घेणाऱ्यांतली नव्हती. तिनं आपली सायकल होडीत चढवली आणि पलीकडं गेली. बुर्गल म्हणाली, "मी पुढं जाऊन खानावळीत जागा धरते. तुमचं संपलं की या." तीही गेली.

मग नदीच्या दोन काठांनी दोघीच. तासभर तसंच. एका ठिकाणी वाट पाण्याच्या अगदी जवळ येते. तिथं ट्राउडलनं पलीकडं पाहिलं आणि माझा ब्रेक दाबला.

हेर्मिना गवतात बसली होती. तिची सायकल आडवी पडली होती, पुढचं चाक फिरत होतं. आणि ती हात हलवत होती. डावा हात. नेहमी ती उजव्या हातानं रुमाल फडकवायची.

"डाव्या हातानं माफी मागतेय," ट्राउडल मला म्हणाली. एकटी असली की ती माझ्याशी बोलायची. "अजून तोरा उतरला नाही बघ. हलव. अजून थोडा हलव."

ती एका दगडावर बसली. पिशवीतून आलुबुखार काढले. एक खाल्ला, बी पाण्यात टाकली. दुसरा खाल्ला. समोर हात हलत होता, खाली पडत होता, पुन्हा वर येत होता. फेर्डलचं नाव घेतलं होतं ना, मग घे. तिसरा खाल्ला. चौथा खाल्ला.

माझी घंटी माझ्या अंगावर होती. आडवं पडलेलं ते चाक मी पाहत होते. सायकल अशी टाकून कुणी रुसत नाही, हे सायकलीला कळतं. पण माझी दोरी मला ओढता येत नाही.

ट्राउडलनं हात पुसले, माझ्यावर बसली आणि घंटी न वाजवता निघाली. खानावळीत बुर्गलनं विचारलं, "हेर्मिना दिसली का?"

"दिसली. बरी आहे. नखरे चाललेत."

संध्याकाळपर्यंत दोघी धक्क्यावर थांबल्या. तेव्हा खिशात फोन नव्हते. सहा वाजता नावाडी निरोप घेऊन आला. गळ टाकायला आलेल्या एका म्हाताऱ्याला हेर्मिना गवतात सापडली होती, दवाखान्यात नेली होती. मेंदूत रक्त अडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन तास आधी आणली असती तर बोलली असती, चालली असती.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. ती मुलाच्या, हुबेर्टच्या घरी खुर्चीला खिळली. सून गेर्लिंडं तिचं सगळं करायची. बुर्गल दोन वर्षांनी वारली. खानावळीतलं ते "दिसली" तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि घरच्यांना ट्राउडलनं सांगितलेलं एवढंच, की मला काही दिसलं नाही. आता खरं ठाऊक असलेल्या तिघीच उरल्या. एक बोलत नव्हती, एकीला बोलता येत नव्हतं, आणि तिसरी मी.

दर रविवारी ट्राउडल खसखशीचा केक भाजायची, माझ्या कॅरिअरला बांधायची आणि होडीनं पलीकडं जायची. मला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टेकवायची. त्यामुळे आत काय चालायचं ते सगळं मला ऐकू यायचं. गेर्लिंडं केक कापून हेर्मिनाच्या पुढ्यात ठेवायची. मग बशी सरकल्याचा आवाज, कधी फुटल्याचा. हेर्मिना डाव्या हातानं ती लोटून द्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची. एक रविवार चुकला नाही, ना केकचा, ना बशीचा.

"मावशी, मनावर घेऊ नका," गेर्लिंडं म्हणायची. "त्यांना तुमची ओळखच राहिली नाही."

"हो गं," ट्राउडल म्हणायची. तो "हो" मला ऐकवत नसे. परतताना ती माझं हँडल इतकं घट्ट धरायची की रबर झिजून गेलं.

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, हुबेर्ट घरी होता. गेर्लिंडंची पाठ गेली होती, सासूला उचलणं जमेना. तो म्हणाला, "मावशी, आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय. ज्यांचं डोकं गेलंय त्यांच्यासाठी तिथं वेगळं दालन आहे."

"कुलपाचं?"

"बाहेर भटकू नये म्हणून असतं तसं."

"ती कुठं भटकणार हुबेर्ट? तिला उभं राहता येत नाही."

"घरी मदतीला बाई मिळते, पण डोकं ठिकाणावर असलं तर. डॉक्टरांनी मला विचारलं, आई माणसं ओळखते का. मी काय सांगू? पन्नास वर्षांच्या मैत्रिणीला बशी फेकून मारते. उद्या कागदावर सही आहे."

केक कापायची सुरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"सही करू नकोस," ट्राउडल म्हणाली. "तिचं डोकं जागेवर आहे. तिला सगळं आठवतं. म्हणूनच ती बशी लोटते."

आणि तिनं सांगितलं. फेर्डलचं नाव, आडवी सायकल, डावा हात, सगळं. चार आलुबुखारसुद्धा सांगितले. ते सांगितले नसते तरी चाललं असतं, पण ती थांबली नाही.

"म्हणजे तुम्ही बसून बघत होता," हुबेर्ट म्हणाला.

"बसून बघत होते."

"आणि तीन वर्षं केक आणत होता."

गेर्लिंडं हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही निघा आता."

खुर्ची सरकली. ट्राउडल दारापर्यंत आली असेल. तेवढ्यात आतून एक आवाज आला, गंजलेली चेन पहिल्यांदा फिरावी तसा.

"म्ह... ह..."

"आई?" हुबेर्ट म्हणाला.

"म्हैस," हेर्मिना म्हणाली. मग अगदी स्वच्छ, "म्हैस. म्हैस."

पुन्हा बशी सरकली. मी फुटल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले. तो आला नाही. गेर्लिंडं रडत रडत म्हणाली, "अहो, बघा. जवळ ओढून घेतली."

कागदावर सही झाली नाही. हेर्मिना घरीच राहिली, मदतीला बाई मिळाली. डॉक्टर म्हणाले, गेलेल्या वाचेतून कधीकधी शिव्याच आधी परत येतात. त्या मागोमाग सुनेचं नाव आलं, मग "मीठ", मग "नको". त्या घराला त्यांच्या आईचा आवाज परत मिळाला, आणि हिवाळाभर गेर्लिंडं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून तो ऐकवत राहिली. पाय मात्र आले नाहीत. हात आला नाही. हुबेर्ट अजून ट्राउडलशी बोलत नाही, आणि त्यानं का बोलावं? पण रविवारी दार उघडं ठेवतो.

मी आता कुणाला घेऊन धावत नाही. चेन काढून ठेवलीय, मडगार्ड तारेनं बांधलंय. ट्राउडलचे गुडघे गेले, ती मला काठीसारखी धरून चालते. बरं आहे. माझ्यावर बसून तिनं जे केलं, त्यानंतर दोघींनी पायीच चालावं.

वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगते. पलीकडून कुणी हात हलवला तर तो कुठला हात आहे हे आधी पाहा. हार-जीत नंतर मोजा. आम्हा वस्तूंना दिसतं सगळं, पण दोरी तुमच्या हातात असते.

दुपारचे चार वाजले की समोरच्या काठावर गेर्लिंडं एक खुर्ची ढकलत आणते. खुर्चीतून हात वर होतो. डावा. ट्राउडल एक क्षणही थांबत नाही, दोरी ओढते. घंटी पार पलीकडं ऐकू जाते, आणि झेप होडी सोडतो.