लालासाहेबांचा रिसीव्हर भंगारात गेला नाही

मी एक जुना स्टीरिओ रिसीव्हर आहे, आणि मी अजून वाजतो. खरं तर मी वाजतो हेच आधी सांगायला हवं होतं; कारण 'जुना' हा शब्द कानावर पडला की लोक पुढचं ऐकतच नाहीत.

मित्रांनो, रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि आवाज मोठा करणारं यंत्र, दोन्ही एकाच पेटीत. स्पीकर वेगळे, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझा एकेक सांधा डाग देऊन जोडला. तिथून मी सिंगापूरच्या एका दुकानात आलो. १९७५ साली सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या लालासाहेबांनी मला विकत घेतलं. ते मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत फिटर होते. बरोबरच्या खलाशांनी घड्याळं घेतली, साड्या घेतल्या. लालासाहेबांनी माझं मोठं बटण एकदा फिरवून पाहिलं आणि अकरा किलोंचा मी त्यांच्या खांद्यावर बसलो.

औंधात माझे दिवस थाटात गेले. संध्याकाळी सांगली आकाशवाणी लागली की शेजारचे लोक सोप्यात येऊन बसत. शेतीचा कार्यक्रम संपला तरी कोणी उठत नसे. माझी निळसर काच उजळली की लहान मुलं तिला हात लावायला बघत, आणि लालासाहेब त्यांना लावूही देत.

मग घरात टीव्ही आला, तो माझ्याच डोक्यावर ठेवला. माझी हवा कोंडली. उजवा स्पीकर खरखरू लागला आणि एके दिवशी गप्प झाला. लालासाहेबांच्या मुलानं, दादासोनं, लुकलुकत्या दिव्यांचा नवा कॅसेट डेक आणला आणि मला माळ्यावर टाकलं. तिथं उंदरानं माझी वायर कुरतडली आणि पोटात घरटं केलं. लालासाहेबांचे गुडघे गेले होते, त्यांना माळ्यावर चढता येत नव्हतं. पाच वर्षं मी तिथं होतो. मला दुःख झालं असं तुम्हाला वाटेल. मला राग आला होता.

१९९६च्या उन्हाळ्यात दारात भंगारवाला आला. दादासोनं मला खाली काढलं आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं. खाटेवरून लालासाहेबांनी विचारलं, काय चाललंय.

"आबा, साताऱ्याच्या मेकॅनिकला इचारलं मी. ह्याचं पार्ट मिळत न्हाईत म्हनला."

"उघडून बघितला त्यानं?"

"न्हाई. नुसतं नाव सांगितलं त्याला."

"जहाजावर बंद पडलेलं इंजिन मी नुसतं नाव ऐकून मेलं म्हनलो असतो," लालासाहेब म्हणाले, "तर आमी कुनी घरला आलोच नसतो."

तरीही दादासोनं मला आत नेलं नाही. दादासोची बायको क्षमा पीठ मळत होती. ती उठली, हात धुतले आणि मला उचलून आत घेऊन आली. तिचं माहेर वाईचं. तिथल्या हाफिजभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला वाकळेत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन वाई गाठली. साताऱ्याला गाडी बदलताना कंडक्टर मला टपावर ठेवा म्हणाला. तिनं ठेवलं नाही.

हाफिजभाईंची नजर गेली होती. त्यांच्या जागी आता त्यांची मुलगी जरिना बसत होती. मला पाहून तिनं आधी कपाळाला आठी घातली, मग हसली. तिनं माझं झाकण काढलं, घरटं उपसलं, मऊ ब्रशनं धूळ झाडली, कुरतडलेली वायर बदलली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, तुझ्या अब्बांना बोलाव, रेडिओ बायकांचं काम नव्हे.

जरिनानं मान वर केली नाही. "दुकान मी चालवते. थांबायचं असेल तर बाकावर बसा."

तो निघून गेला. असे पुष्कळ जात, हे मला पुढच्या दिवसांत कळलं. तिनं मला थेट वीज दिली नाही. मध्ये एक बल्ब जोडला. माझ्यात काही जळकं असेल, तर आधी तो बल्ब लख्ख पेटावा म्हणून. तो पेटला. लख्ख. हाफिजभाई बसल्या जागेवरून म्हणाले, ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर सोडून दे बेटा. तिनं सोडलं नाही. एकेक भाग सुटा करून तपासत गेली. चौथ्या दिवशी दोष सापडला. विजेला वळण लावणारा, बोटाच्या पेराएवढा एक भाग जळाला होता. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. तिनं तो जळका भाग आणि वीज साठवणारे सुकलेले कंडेन्सर बदलले, बटणं आतून धुतली. या खेपेला बल्ब मंद राहिला, माझी काच निळी झाली आणि गप्प झालेली उजवी बाजूही बोलू लागली.

जरिनानं सहज एफएमचं बटण दाबलं. माझा तो पट्टा औंधात कधी बोललाच नव्हता, कारण आसपास ते लागतच नव्हतं. आता साताऱ्याचं केंद्र खणखणीत लागलं. एकवीस वर्षांचा असताना मी माझाच हा आवाज पहिल्यांदा ऐकला. हाफिजभाईंनी चाचपत माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे मला जमलं नसतं."

घरी आल्यावर क्षमानं दादासोचा कॅसेट डेक माझ्या पाठीमागे जोडला. कसा जोडायचा ते जरिनानं तिला शिकवलं होतं. दादासोनं त्याची नेहमीची कॅसेट लावली. डावीकडून तबला आला, उजवीकडून पेटी, आणि गाणारी बाई बरोबर मध्ये, लालासाहेबांच्या खाटेसमोर उभी असल्यासारखी. दादासो उभा होता, तो खाली बसला.

"ही तीच कॅसेट हाय?"

"तीच," लालासाहेब म्हणाले. मग कॅसेट संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

दोन वर्षांनी पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. मला काचेच्या कपाटात ठेवू, कोणी हातसुद्धा लावणार नाही, असं ते मोठ्या मायेनं सांगत होते. दादासोनं क्षमाकडे बघितलं.

"न्हाई द्यायचा," क्षमा म्हणाली. "आमी रोज ऐकतो."

तर मित्रांनो, माझी कीव करू नका आणि मला ओवाळूही नका. माझ्यावर काही ठेवू नका, मला गरम व्हायला होतं. आठवड्यातून एकदा धूळ पुसा, बटणं फिरवा. काही बिघडलंच तर वाईला जा आणि बाकावर बसून तुमची पाळी येईपर्यंत थांबा. हल्ली तिथं गर्दी असते.