निळ्या टोकाची टिंबं

मित्रांनो, मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. आता बोटभरच उरले आहे. नीट पाहिलंत तर माझी लाल बाजू झिजून संपत आली आहे आणि निळी जवळजवळ तशीच आहे. यात कौतुकाचं काही नाही. ऐकलंत म्हणजे कळेल.

वाशीतल्या एका छोट्या छापखान्यात मालतीबाई दिवाळी अंकाचं काम बघत. लाल टोकाने चूक खोडायची. खोडलेलंच बरोबर होतं असं नंतर वाटलं, तर निळ्या टोकाने त्याखाली टिंबं द्यायची. मग छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला समजे, हे आहे तसंच ठेवायचं. मालतीबाईंना नंतर असं कधी वाटत नसे. बाईंच्या हातून गेलेल्या मजकुरात चूक सापडायची नाही, असं सगळे म्हणत. मीही फुगून जाई.

१९८४ साली सगुणा कथा घेऊन आली. ती न्हावा शेव्याकडच्या खाडीकाठची, बेलापूरच्या एका कचेरीत शिपाई. तिच्या वडिलांचं, नामाचं, मिठागर भरावाखाली गेलं होतं. कथा भराव पडला त्या सकाळची. नामाला वाचता येत नव्हतं. अंक आला की मी त्याला वाचून दाखवणार, असं तिने दोनदा सांगितलं.

तिने लिहिलं होतं, 'बापूस उठला. बांधावर गेला. बांध नाही. बापूस उभा. उभाच.'

मालतीबाई वाईट नव्हत्या. त्याही खाडीकाठच्याच. शाळेत 'आहे'ऐवजी त्या 'हाय' म्हणाल्या तेव्हा सगळा वर्ग हसला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या. या पोरीला कुणी हसू नये म्हणून त्यांनी मला उचललं. वाक्याला क्रियापद हवं, बापाला मान हवा. मीही भराभर चालले. छापून आलं, 'वडील उठून बांधावर गेले. परंतु तेथे बांध नसल्यामुळे ते बराच वेळ उभे राहिले.' एकही चूक नाही.

दिवाळीनंतर सगुणा आली. रागावली असती तर बरं झालं असतं. घरच्या पडवीत बसून तिने सगळी कथा वाचली, नामाने मान हलवत ऐकली, असं तिने सांगितलं. मालतीबाई खूश झाल्या.

"मग काय म्हणाले?"

सगुणा चपलेकडे बघत म्हणाली, "म्हनला, बरा लिवलास गो. पन यो कोनचा बापूस?"

मालतीबाईंनी कपाटातून तिचे कागद काढले, मला उलटं धरलं आणि मी खोडलेल्या एकेका शब्दाखाली टिंबं दिली. पुढच्या अंकात तुझीच वाक्यं छापू, त्या म्हणाल्या. सगुणा बरं म्हणाली.

छापलीही, 'उभाच'सकट. पण नामा त्याआधीच आषाढात गेला. सगुणा अंक घेऊन गेली, पुन्हा तिने काही लिहून आणलं नाही.

मित्रांनो, नियम शिकाच. माझा जन्म त्यातच गेला. पण कुणी जाणूनबुजून मोडलेलं वाक्य समोर आलं, तर आधी त्याला विचारा, का मोडलंस. आम्ही विचारलं नाही.

माझी निळी बाजू अजून बरीच शिल्लक आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जा.