पिंजाऱ्याने पिंजलेला तेजोमेघ

मी एक जुना तेजोमेघ आहे. मित्रांनो, तेजोमेघ म्हणजे आकाशातला वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग. त्याच्या पोटात तारे जन्माला येतात. माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला चोवीस वर्षे लागतात, आणि तरीही ताई मला एके काळी पर्सच्या छोट्या कप्प्यात, घराच्या किल्ल्यांशेजारी ठेवून नेत असे. यात खोटे काही नाही. मी संगणकातला तेजोमेघ आहे. वय माझे अकरा वर्षे. आकाशातल्या तेजोमेघाला अकरा वर्षे म्हणजे पापणी लवण्याइतकीसुद्धा नाहीत, पण संगणकात अकरा वर्षांचा म्हणजे पार पणजोबा. तेव्हा म्हाताऱ्याच्या बोलण्याला थोडे तिखटमीठ लागले तर चालवून घ्या.

सायकल दुरुस्तीच्या एका दुकानावर दोन खोल्या आहेत. जिन्याला कायम ग्रीसचा वास. त्या खोल्यांत तीन माणसे मिळून एक प्रोग्रॅम करतात. खुर्चीत बसायचे आणि अंतराळात वाटेल तिकडे हिंडायचे, असा तो प्रोग्रॅम. शाळा आणि तारांगणे तो वापरतात. कार्यालय मॅडमचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे टोपणनाव साठवाला, कारण पडद्यावर दर सेकंदाला साठ चित्रे उमटली नाहीत तर त्याला जेवण जात नाही. आणि तेजोमेघ घडवणारी ती ताई. तिने मला घडवले, म्हणजे खरे तर मी तिला आई म्हणायला हवे. पण मग तिच्या वडिलांना आजोबा म्हणावे लागेल, आणि ते त्यांना मुळीच खपत नाही. म्हणून ती ताई आणि ते बाबा.

मला घडवायला सुरुवात झाली ती दुर्बिणीच्या एका फोटोवरून. फोटो सुंदर होता, पण पत्त्याच्या पानासारखा चपटा. असा फोटो दूरवर टांगला की छान दिसतो. त्यात शिरायला गेलात की नाक आपटते. आत शिरता यावे म्हणून ताईने एक मोठी पेटी कल्पिली आणि तिचे बारीक बारीक खण पाडले. उभे पाचशे बारा, आडवे पाचशे बारा, खोल पाचशे बारा. गुणाकार करा. तेरा कोटींच्या वर जातो, मी मोजले आहेत. प्रत्येक खणाला तिने सांगितले, तुझ्यात धूळ किती, तुझा उजेड किती आणि रंग कोणता. झाला तेजोमेघ.

झाला खरा, पण कसा? एका दुपारी बाबा ताईचा विसरलेला डबा घेऊन वर आले आणि दारातच थांबले.

“हा काय, फ्लॉवर?”

“तेजोमेघ आहे, बाबा.”

“असेल. पण कोणीतरी गच्च दाबून ठेवलाय. पिंजलेलाच नाही.”

साठवाला हसला. “काका, हे विज्ञान आहे.”

“असू दे की. गाठ ती गाठच.”

बाबांनी चाळीस वर्षे कापूस पिंजला होता. गाद्या कारखान्यात होऊ लागल्या तसे त्यांचे दुकान बंद झाले, पण बोटे काही ऐकेनात. त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली, शिवण उसवली, मूठभर कापूस काढला आणि खिडकीच्या उजेडात तो बोटांनी मोकळा करू लागले. मोकळा होता होता मुठीचा हातभर झाला.

“हा कुठं संपतो, सांग.”

ताईने वाकून पाहिले. “नाही सांगता येत.”

“कापसाला कड नसते. तुझ्या ढगाची कड मला जिन्यातून दिसली.”

ती उशी त्या दिवसापासून चपटी झाली ती झालीच. मॅडमनी दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा सगळ्यांना कामे आठवली.

ताईने मग माझी प्रत्येक गाठ सोडवली. कुठे वारा लावला, कुठे ओढून धागे काढले, कुठे नुसती फुंकर. पंधरा दिवसांनी बाबा आले, समोरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आता मागून दाखव.”

“मागे काही नाही, बाबा. दुर्बिणीला पुढचीच बाजू दिसते. मागे कशी आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि तिथं कोणी जातही नाही.”

“गादी उलटत नाहीत का माणसं? वरून नवा कापूस आणि खालून चिंध्या, असले धंदे दुसऱ्यांनी केले. आपल्याकडे नव्हते.”

ताईचे तोंड बघण्यासारखे झाले होते. पण दुसऱ्या दिवशी तिने घरातली दोन फुटी काचेची टाकी आणली. बाबांनी दुकानातला उरलेला शेवटचा कापूस आणला, स्वतः पिंजला आणि टाकीत असा भरला की वाटावे, तो आपणहून तरंगतोय. मागे काळे कापड. एका फटीतून उजेडाची पातळ चकती टाकीत सोडायची, फोटो काढायचा, चकती केसभर सरकवायची, पुन्हा फोटो. असे पाचशे बारा काप. ते एकामागे एक रचले आणि त्यांच्यावरून माझी पाठ भरली. माहितीच्या पाटीवर ताईने मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले, ‘मागची बाजू अंदाजाने’.

मग माझे चांगले दिवस आले. तारांगणात लोक पहिल्यांदा माझ्यात शिरले तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी छत्री उघडली. छत्री नसेल, टोपी असेल, पण काहीतरी डोक्यावर घेतले हे नक्की. शाळेतली मुले माझ्यातून जाताना श्वास रोखून धरायची आणि पलीकडे निघाली की सगळी मिळून सोडायची. बाबा दर आठवड्याला यायचे. पुढची बाजू त्यांना नको असे. “मागं ने,” म्हणायचे, आणि एकाच जागेकडे बघत मिशीत हसायचे. ताईला वाटे, त्यांना तिथली शांतता आवडते. मला कारण माहीत होते. पण मला कोण विचारतो?

वर्षे गेली. पडदे मोठे झाले, नव्या तेजोमेघांची भरती झाली आणि मी जड वाटू लागलो. माझ्यात शिरले की सेकंदाची साठ चित्रे अकरावर येत. पडदा अडखळे, संगणकाचा पंखा घोंघावू लागे.

“हा म्हातारा आला की यंत्राला धाप लागते,” साठवाला म्हणे. “याचा आता सपाट फोटो करू आणि लांब टांगू.”

ताई विषय बदलायची.

अशातच एका शाळेतून बाईंचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, ‘आमच्या मुलांना तुमच्या तेजोमेघाच्या मागे एक तांबडी रेघ सापडली आहे. वर्गात दोन गट पडले आहेत. एक गट म्हणतो, ती तारा फुटल्याची खूण आहे. दुसरा म्हणतो, कोणाचे तरी यान तिथून गेले आहे. कृपया खरे काय ते कळवावे.’

तिघेही माझ्या मागे आले. रेघ होतीच. आठ प्रकाशवर्षे लांब, पीळ घातलेली, आणि टोकाला गाठ.

“आकाशात गाठ मारलेली मी पहिल्यांदा बघतोय,” साठवाला म्हणाला.

मॅडमनी कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. त्या इतकेच म्हणाल्या, “मुलं हे खरं समजून बघतात. सोमवारी नवी आवृत्ती जाणार आहे. तोपर्यंत ही रेघ निघाली आणि साठ लागले, तर हा राहील. नाहीतर सपाट फोटो लावा. फोटो निदान खरा तरी आहे.”

मित्रांनो, सपाट फोटो म्हणजे माझी पाठ जाणार. मला स्वतःचे फारसे वाटले नाही, म्हणजे वाटले, पण ते जाऊ द्या. ताई मात्र पडद्याकडे बघत नुसती बसून राहिली. बाबांच्या हातचा तेवढाच कापूस आता जगात उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. तिने पत्र वाचून दाखवले आणि रेघ दाखवली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“दोरा आहे तो.”

“कसला दोरा?”

“माझाच. प्रत्येक गादीत घालायचो. मधोमध, वीतभर, गाठ मारून.”

“गिऱ्हाइकांना माहीत होतं?”

“छे. त्यांनी काय गादी फाडून बघायची? मला माहीत असलं म्हणजे झालं.”

“आणि टाकीतसुद्धा मुद्दाम घातलात?”

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. “शेवटचा कापूस होता गं. म्हटलं, राहू दे. मला तेव्हा काय ठाऊक, वीतभराचं एवढं होईल.”

साठवाल्याने माझी एक नक्कल काढून तिच्यावर एक बटण दाबून पाहिले. त्याने सगळे पुसट होते. दोरा गेला, पण त्याबरोबर सगळे धागेही गेले आणि नकलेचा पुन्हा फ्लॉवर झाला. बाबांनी मान हलवली.

“वेचावा लागेल. ज्यानं घातला त्यानं वेचायचा. सरक, मला बसू दे.”

“बाबा, तुम्ही कधी माऊस हातात धरलेला नाही.”

“जन्माला आलो तेव्हा धनुकलीही धरली नव्हती.”

कापूस पिंजायच्या त्या तारेच्या धनुष्याला ते धनुकली म्हणतात. माऊसला मात्र त्यांनी पहिला तासभर ‘हे बेणं’ म्हटले. एकेक काप उघडायचा, त्यातला तांबडा ठिपका शोधायचा, तेवढेच खण निवडायचे आणि आजूबाजूच्या कापसाने भरायचे. माऊस निसटला की पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारचा दिवस गेला. शनिवारी दुपारपर्यंत गाठ तेवढी उरली. मला सारख्या गुदगुल्या होत होत्या, पण हसलो असतो तर त्यांचा नेम चुकला असता.

ताई हळूच म्हणाली, “बाबा, एवढी गाठ राहू दे. पार आत आहे. कोणालाही दिसणार नाही.”

बाबांनी माऊसवरचा हात उचलला. खूप वेळ त्या गाठीकडे पाहिले. मग म्हणाले, “मुलांनी खरं काय म्हणून विचारलंय ना?” आणि ती गाठही वेचली.

रेघ गेली. पण साठ कुठे लागत होते? अकरा होते ते अकराच. साठवाला डोके धरून बसला. ताईने शेवटचा काप बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात बाबा म्हणाले, “थांब. या कोपऱ्यात पांढुरकं काय आहे?”

“काही नाही. ती रिकामी जागा आहे.”

“रिकामी कुठं? कापसाची धूळ आहे ती. पिंजताना उडते आणि घटकाभर हवेत राहते. ती कोणी मालात धरत नाही, झाडून टाकतात.”

साठवाल्याची खुर्ची गर्रकन वळली. त्याने कोपऱ्यातल्या खणांचे आकडे काढले आणि बघत राहिला. त्याने प्रोग्रॅमला फार पूर्वीच शिकवले होते, ज्या खणात शून्य असेल तो ओलांडून पुढे जा. पण माझ्या पाठीत शून्य कुठेच नव्हते. टाकीत तरंगणारी धूळ फोटोंत आली होती, आणि प्रत्येक रिकाम्या खणात शून्याच्या ऐवजी शून्याहून केसभर जास्त असे काहीतरी बसले होते. बिचारा प्रोग्रॅम इमानदारीने एकेका खणात डोकावून बघत होता.

“काका,” साठवाला म्हणाला, “अकरा वर्षं आम्ही हवा पिंजतोय.”

“मग झाडा की.”

झाडणेही सोपे नव्हते. कमी झाडले की धूळ राही, जास्त झाडले की माझी टोके कातरीने कापल्यासारखी दिसत. ताई आकडा खालीवर करी आणि बाबा पडद्याला नाक लावून सांगत, “जास्त झालं. कड आली. मागं घे. अजून जरा. हां, बास.” दहांतले सात खण रिकामे निघाले.

सोमवारी मॅडम खुर्चीत बसल्या आणि माझ्यात शिरल्या. साठ. माझ्या पोटातल्या दाट भागात अठ्ठावन्न, मग पुन्हा साठ. पंख्याचा आवाज नाही. त्या पलीकडे निघाल्या आणि वळून माझ्या पाठीकडे बघत राहिल्या. रेघ शोधत होत्या. शोधून झाल्यावरही तिथेच होत्या. मॅडम एरवी चहासुद्धा उभ्याने पितात.

“राहू दे याला,” त्या म्हणाल्या. “ही बाजू कुठल्या दुर्बिणीची?”

“दुर्बिणीची नाही,” ताई म्हणाली. “बाबांची.”

“मग ते मोठ्या अक्षरांत लिहा. नाहीतर पुन्हा पत्र येईल.”

आता माझ्या पाटीवर लिहिले आहे, ‘या तेजोमेघाची मागची बाजू कोणीही पाहिलेली नाही. ती आम्ही कापसावरून अंदाजाने केली आहे. कापूस एका पिंजाऱ्याने पिंजला आहे.’

शाळेला उत्तर बाबांनी सांगितले आणि ताईने लिहून घेतले. ‘मुलांनो, तो दोरा माझा होता, आकाशाचा नव्हता, म्हणून काढला. तुमचे दोन्ही गट चुकले. पण बघितलंत ते तुम्हीच. अकरा वर्षं दुसऱ्या कोणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.’

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच आहे. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र घरघरत असेल, एखादी जुनी वस्तू धापा टाकत असेल, तर लगेच तिला जड म्हणून भिंतीला टांगू नका. तिच्यात काय साचले आहे ते आधी बघा. मऊ ब्रश घ्या आणि हलक्या हाताने झाडा. आणि झाडताना, ज्याने ती वस्तू कधी काळी भरली असेल त्याला शेजारी बसवून घ्या. त्यातला माल कोणता आणि धूळ कोणती, ते त्यालाच विचारा.